नमुना सातवरची सही

पाचवीतल्या मुलाला काय काय आलं पाहिजे हे ज्या टेबलावर ठरत असे, त्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली मागच्या वर्षीचा अभ्यासक्रम घडी घालून सरकवलेला होता. टेबल अभ्यासक्रम विभागाच्या अधीक्षकांचं. अठरा वर्षं ते एकच काम निष्ठेने करत आले होते. भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र या चार विषयांत मुलांना काय यावं, याची यादी ते दर वर्षी नव्याने लिहीत. नव्याने म्हणजे जुन्या यादीत 'ओळखतो' असेल तिथे 'ओळखू लागतो' करायचं, आणि मुलं फारच मागे पडली असं वरून कळलं की पुन्हा 'ओळखतो' करायचं. या कामाला पाचवीतलं काहीही यावं लागत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,' असं ते चहाच्या वेळी स्वतःविषयीच म्हणत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत.

त्या वर्षी वरून विचारणा झाली, की मूल शाळेत नेमकं काय शिकतं याचा पालकांना पत्ता नसतो, तर त्याबाबत विभागाने कोणती कार्यवाही केली? विभागाने काहीच केलं नव्हतं, त्यामुळे घाई करणं भाग होतं. अधीक्षकांनी एका दुपारीत नमुना सात तयार केला. चार विषयांच्या चाळीस बाबी, प्रत्येकीपुढे चौकोन, आणि तळाशी एक वाक्य: 'वरील सर्व बाबी माझ्या पाल्यास येतात, हे मी स्वतः विचारून व उत्तर बरोबर असल्याची स्वतः खात्री करून सही करीत आहे.' सही नसल्यास पाल्याचा सहावीतला प्रवेश स्थगित. आईबाप एकमेकांवर ढकलतात, म्हणून प्रवेश अर्जावर ज्याची सही असेल त्यानेच इथेही सही करायची. एवढं लिहूनही पानावर दोन ओळी उरल्या. कोरी जागा अधीक्षकांना बघवत नसे. त्यांनी नियम पाच घातला: 'ज्या पालकास अशी खात्री करता येत नसेल, त्याने पाल्याच्याच वर्गात दहा दिवस उजळणीस बसावे.'

पुढच्या सोमवारी संध्याकाळी त्यांच्या मुलीने, बिट्टीने, तो नमुना त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, सही."

अधीक्षकांनी पेन काढलं. सहीचं नाव निघालं की त्यांचा हात आपोआप चालू लागे.

"अहो, आधी विचारा ना मला! 'स्वतः विचारून' असं लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, हे माझ्या बाबांनी केलंय म्हणून."

लेकीच्या तोंडचा हा अभिमान त्यांना सुखावून गेला. त्यांनी चष्मा लावला आणि गणितातली पहिली बाब वाचली. "पाऊण भागिले पाव किती?"

"तीन."

"चूक. नीट विचार कर. भागलं की कमी होतं. तीन तर पाऊणपेक्षा मोठे."

"बाबा, पाऊण लिटर दूध आहे. पाव लिटरचे किती पेले भरतील?"

अधीक्षकांनी मनातल्या मनात पेले भरले. तीन भरले. चौथा काही केल्या भरेना. त्यांनी घाईघाईने विज्ञानाकडे मोर्चा वळवला. "चंद्र कधी कोर, कधी अर्धा, असा का दिसतो? हे मला येतं हं. पृथ्वीची सावली पडते."

"ते ग्रहण!" बिट्टी म्हणाली. "चंद्राच्या अर्ध्या भागावर कायम ऊनच असतं. तो आपल्याभोवती फिरतो ना, म्हणून त्यातलं आपल्याला कधी थोडं दिसतं, कधी जास्त."

भाषेत मत आणि वस्तुस्थिती वेगळी करायची होती. 'विभागाचे काम समाधानकारक आहे' हे वाक्य अधीक्षकांनी वस्तुस्थितीत टाकलं. अठरा वर्षं ते अहवालात तिथेच टाकत आले होते. स्वयंपाकघरातून त्यांची बायको हे सगळं ऐकत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिचे हिशोब थेंबापर्यंत चोख असत.

"द्या इकडे, मी करते सही," ती म्हणाली.

"चालणार नाही. प्रवेश अर्जावर माझी सही आहे."

"हा नियम कुणी घातला?"

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, हे अधीक्षकांना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

"नुसती सही करून टाकू का गं?" त्यांनी लेकीला हळूच विचारलं. "सगळेच करतात."

"म्हणजे खोटी?" बिट्टीने इतक्या सरळपणे विचारलं, की त्यांनी पेनाला टोपण लावलं. तिच्या डोळ्यांत रागबीग नव्हता. आपले बाबा काय करतात, एवढंच ती पाहत होती, आणि नेमकं तेच त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी चौकशी केली. ऐंशी हजार नमुने गेले होते. त्यातले बहुतेक सही होऊन त्याच दिवशी परत आले होते. विभागाच्या थोरल्या साहेबांचा नातू पाचवीत होता आणि त्याचे पालक म्हणून सही करणारे तेच होते.

"साहेब, चंद्र असा लहानमोठा का दिसतो?"

"पृथ्वीची सावली. का?"

"आपण सही केलीत?"

"केली म्हणजे? उभ्याउभ्या केली!"

थोडक्यात, ऐंशी हजार पालकांत नियम पाचखाली वर्गात बसायला एकटे अधीक्षकच निघाले. रजा टाकून ते शाळेत पोचले. बिट्टीच्या बाईंनी त्यांना उंचीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसवलं.

"साहेब, तुम्हाला बसवताना मलाच कसंतरी होतंय," बाई म्हणाल्या. "पण नियम तुमचाच. आणि हो, खिडकीबाहेर बघायचं नाही."

पहिले दोन दिवस लाजेत गेले. तिसऱ्या दिवशी बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, टेबलावर दिवा ठेवला आणि अधीक्षकांच्या हातात चेंडू दिला. हात लांब करून ते जागच्या जागी सावकाश फिरले, आणि चेंडूवरचा उजेड त्यांच्या डोळ्यांदेखत कोरीपासून पूर्ण गोल होत गेला. 'चंद्राच्या कला सांगतो' ही ओळ त्यांनी अठरा वेळा लिहिली होती आणि ती खरी आहे हे त्यांना आज कळत होतं. त्यांना रडूच आलं. पुढच्या बाकावरची बिट्टी मागे वळून हसली. मग त्यांनी नकाशावर पट्टी धरून अंतर काढलं, अपूर्णांक भागले, आणि घरी जाऊन बायकोला पाऊण लिटर दुधाची गोष्ट आपणच शोधून काढल्यासारखी सांगितली.

वर्ग सुटल्यावर ते तासभर कार्यालयात डोकावत. तुंबलेल्या फायली असत, त्यांवर भराभर सह्या करत आणि गृहपाठाला घरी पळत. सहाव्या दिवशी थोरल्या साहेबांनी त्यांना गाठलं.

"काय हो, अहवाल शंभर टक्क्यांचा जायला हवा होता. एक पालक असमर्थ दाखवलाय. कोण हा शहाणा?"

"मी, साहेब."

थोरल्या साहेबांनी अहवाल मिटला. "तुम्ही अधिकारी आहात. तुम्हाला येत नाही असं म्हटलं तर विभागाला येत नाही असं होतं. विभागाला येत नाही ते अभ्यासक्रमात आलंच कसं? म्हणजे चूक अभ्यासक्रमाची."

"साहेब, चार दिवस द्या. मला यायला लागलंय."

"शिका, शिका. आमची काही हरकत नाही," थोरले साहेब प्रेमाने म्हणाले.

दहाव्या दिवशी बाईंनी तोंडी परीक्षा घेतली. चाळीसच्या चाळीस बाबी अधीक्षकांनी सांगितल्या, आणि मग बिट्टीला स्वतः विचारून, तिचं प्रत्येक उत्तर स्वतः तपासून चौकोनांत खुणा केल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. नोकरीला लागल्यापासून इतकं खरं काम आपण केलेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी सहीसाठी पेन टेकवलं.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. "तो नमुना आज रद्द झाला. सकाळीच नवा आलाय."

नव्या नमुन्यात अकरा बाबी होत्या. 'स्वतःचे नाव लिहितो. वस्तू मोजतो. चंद्र पाहतो. नकाशा भिंतीवर लावतो.' अपूर्णांक नव्हते. मत आणि वस्तुस्थिती नव्हती. 'एका पालकाकडून प्राप्त झालेल्या अडचणीस अनुसरून' बाकीच्या बाबी पाचवीतून कायमच्या वगळल्या होत्या.

बिट्टीने कागद उलटा करून पाहिला.

"बाबा, ही खालची सही तुमची आहे."

सही त्यांचीच होती. तारीख चार दिवसांपूर्वीची होती, म्हणजे ज्या संध्याकाळी त्यांना अपूर्णांकांचा गृहपाठ होता आणि घरी जायची घाई होती, त्या दिवसाची.

"वाचलं नव्हतं?"

"नाही गं."

"मग पुढच्या वर्षी माझ्या बाकावर जी मुलगी बसेल, तिला हे कोण शिकवणार?"

सही केली नाही तर बिट्टी सहावीत जाणार नव्हती. अधीक्षकांनी तिला नियमाप्रमाणे विचारलं, "नकाशा भिंतीवर लावता येतो?" ती म्हणाली, "येतो," आणि त्यांनी सही केली. या वेळची सही अगदी खरी होती. बिट्टीने कागद घेतला, पण हे माझ्या बाबांनी केलंय असं ती वर्गात कुणाला म्हणाली नाही. तिथे उभं राहून त्यांना जेवढी लाज वाटली, तेवढी शेवटच्या बाकावर बसतानाही वाटली नव्हती.

नव्या नमुन्याबरोबर घरोघर एक संमतिपत्रही गेलं होतं: 'पाचवीच्या अभ्यासक्रमातील वरील बदल मी पूर्ण वाचले असून ते मला मान्य आहेत.' ऐंशी हजारच्या ऐंशी हजार संमतिपत्रं सही होऊन त्याच आठवड्यात परत आली, आणि अहवाल शंभर टक्क्यांचा गेला. त्यांत एक सही तुमचीही आहे. आठवत नसेल. वाचलं असतं तर आठवलं असतं.