अडतीस तोंडांचा होकार

लोकांचं खरं मत कोणाला कळतं? पेपरवाल्यांना? छे! टीव्हीवर एकमेकांवर खेकसणाऱ्या त्या सहा जणांना? मुळीच नाही! लोकांचं मत कळतं ते फक्त दातांच्या डॉक्टरला. म्हणजे मला!

कसं ते सांगतो. इतर ठिकाणी माणूस मोकळेपणाने बोलतो, म्हणजेच थापा मारतो. माझ्या खुर्चीत तो आडवा असतो. जबडा उघडा, तोंडात कापसाचे बोळे आणि लाळ ओढायची नळी. खोटं बोलायची सोयच नाही! मी दाढ कोरता कोरता सकाळच्या बातम्यांचा समाचार घेतो. कर, कचरा, निवडणुका, परराष्ट्र धोरण, काही सोडत नाही. शेवटी विचारतो, "बरोबर की नाही?" पेशंट म्हणतो, "आं!" झालं! बारा वर्षांत एकाही पेशंटचं माझ्याशी दुमत झालेलं नाही. आमच्या घरी पंखा किती जोरात लावायचा, यावरही एवढं एकमत नाही हो!

त्यात आमच्या रस्त्याची बातमी आली. दवाखान्यासमोरचा बाजाररस्ता गाड्यांना कायमचा बंद करायचा, असा पालिकेचा विचार होता. मला तर नाचावंसं वाटलं! दिवसभर ट्रक जातात, खिडक्या थडथडतात आणि ऐन दाढेत मशीन असताना कोणीतरी हॉर्न मारतो. एकदा मी असा दचकलो की डावीकडची दाढ राहिली बाजूला आणि उजवीकडची... जाऊ दे. मुद्दा काय, रस्ता बंद झाला नाही तर मला दवाखाना हलवावा लागणार होता. बारा वर्षं बसवलेला दवाखाना! 

लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेने रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. मी ठरवलं, पुराव्यानिशी जायचं! तीन आठवडे खुर्चीत बसेल त्याला विचारायचा सपाटा लावला.

"काय शिंपीदादा, रस्ता बंद व्हायलाच हवा, नाही का?"

"आंऽऽ! आं! आं!"

"बघा मावशी, तीनदा हो म्हणाले! लिहा!"

मावशी म्हणजे माझ्या मदतनीस. दवाखाना उघडल्यापासून नळी त्याच धरतात. त्यांनी वही घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर, लिहू? म्हणजे मला वाटतं की..."

"वाटायचं काय त्यात! ठळक लिहा!"

नंतर शाळेतल्या निवृत्त बाई आल्या. प्रश्न विचारल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात हवेत फेकले आणि पाय झाडले. काय ती तळमळ! या वयात! मला तर भरून आलं. असे अडतीस पेशंट झाले, अडतीसच्या अडतीस होकार.

रविवारी हॉल गच्च भरला होता. पालिकेचे साहेब गालाला हात लावून बसले होते. मी छाती काढून उभा राहिलो.

"साहेब, माझ्याकडे अडतीस नागरिकांचा पाठिंबा आहे!"

"सह्या आहेत?"

"सह्या कशाला? तोंडी आहे! पहिले आमचे शिंपीदादा..."

शिंपीदादा ताडकन उठले. "माझा पाठिंबा? अहो, माझी गिऱ्हाइकं स्कूटरवर येतात! रस्ता बंद केलात तर मी काय स्वतःचेच सदरे शिवू?"

"पण तुम्ही तीनदा आं म्हणालात!"

"नाही म्हणत होतो! तोंडात तुमचा मनगटापर्यंत हात होता!"

मी घाईघाईने बाईंकडे वळलो. "बाई, तुम्ही तरी सांगा!"

"सांगते ना! या गुडघ्यांनी मी चौकापासून चालत येऊ? गाडी दारापर्यंत येते म्हणून माझे दात शिल्लक आहेत!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमच्या हातात मशीन चालू होतं! अशा माणसाशी वाद कोण घालेल?"

अख्खा हॉल खो खो हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! पुढे एकेक जण उठत गेला आणि माझी यादी पोखरत गेला. एक आजोबा मात्र तावातावाने बोलले. पण कवळी घरी विसरले होते, त्यामुळे ते कोणाच्या बाजूने बोलले हे अजून कोणालाच कळलेलं नाही.

"निर्णय उद्या सांगतो," एवढं म्हणून साहेब गाल धरून निघून गेले.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट कोण? साहेबच! गाल टम्म सुजलेला. मी भुलीचं इंजेक्शन दिलं, बोळे कोंबले, मशीन हातात घेतलं आणि मग माझ्या लक्षात आलं, निर्णय विचारायचाच राहिला!

"साहेब, रस्त्याचं काय ठरलं? बंद ना?"

"आं आं. आंऽ आं आं."

"म्हणजे हो?"

"आं!"

"की नाही?"

"आं!"

मला दरदरून घाम फुटला. माझा दवाखाना त्या 'आं'मध्ये अडकला होता, आणि समोरचा माणूस काय म्हणतोय ते मला कळत नव्हतं! बारा वर्षांत पहिल्यांदाच मला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मावशी नळी जराही न हलवता म्हणाल्या, "नाही म्हणतायत. रस्ता चालूच राहणार. फक्त ट्रक बंद, आणि हॉर्नला बंदी. तुम्हाला दवाखाना हलवायला नको. आणि तुमचं कोपर त्यांच्या नाकावर आहे, ते काढा म्हणतायत."

साहेबांनी अंगठा वर केला.

मी कोपर काढलं. "मावशी! तुम्हाला हे सगळं कळतं?"

"बारा वर्षं ऐकतेय, डॉक्टर."

"मग ते अडतीस जण?"

"एकतीस जण नाही म्हणाले. चौघांना दुखत होतं. दोघांना थुंकायचं होतं. एकाला झोप लागली होती."

"अहो, मग मला सांगायचं नाही का!"

"दर वेळी सांगायला जात होते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तोवर तुम्ही पुढच्या बातमीवर गेलेले असायचात."

यावर सडेतोड उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. पण बाहेर काय पडलं, तर नुसतं "आं." आणि तेही मावशींना बरोबर कळलं.