सर घोडेउतारावर उतरतात

रविंद्र सरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तसाच ताटात ठेवून दिला. पिठलं म्हणजे सरांचा जीव की प्राण. त्यामुळे ज्योतीनं तवा चुलीवरून खाली घेतला आणि नवऱ्याकडे नीट बघितलं.

"काहून जेवून न्हाई राहिले?"

"भूक न्हाई."

"शाळेत काही झालं का?"

"शाळेत कशाचं होतंय. येत्या रविवारी मला घोडेउतारावरून उतरायचं हाय. साऱ्या गावासमोर."

"मग? तुमी तर दर रविवारी उतरता म्हणे."

"तेच तर," सर म्हणाले आणि गटागटा पाणी प्याले.

सर डोंगरकड्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. एका शब्दाचे अनेक अर्थ हा तर त्यांचा हातखंडा धडा. पण पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही खोटं नाही. सर बुडाले ते एका क्रियापदात.

झालं होतं असं. केळीच्या बागा असलेल्या घरचा वैजनाथ पुण्याला शेतकी कॉलेजात शिकून आला. येताना एक पदवी घेऊन आला, जी त्यानं कधी वापरली नाही, आणि एक जाड टायरची, गिअरची सायकल घेऊन आला, जी त्यानं फारच वापरली. गावात तोवर सायकल ही दूध घालायची, शाळेत जायची वस्तू होती. ती हौसेनं डोंगरावर चढवायची आणि पलीकडे उतरवायची, हे वैजनाथनं गावाला शिकवलं. 'रविवार सायकल मंडळ' निघालं. त्यात पंक्चरचं दुकान असलेला शंकरसिंग आला, कॉलेजची दोन-तीन पोरं आली, आणि साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दम भरलेले रविंद्र सरही आले.

घोडेउतार म्हणजे गावामागच्या माळाची पलीकडची बाजू. वर गाडीवाट, खाली नाला आणि मधे खडकाळ उतार. उताराच्या मध्यावर मांडीइतकी उंच खडकाची पायरी. वैजनाथ ती पायरी सायकलवर बसूनच घ्यायचा. सायकल हवेत जायची आणि धाडकन खाली यायची. बाकीच्यांनीही तसंच यावं असा त्याचा दंडक होता. शंकरसिंग दोनदा आपटला. मग त्यानं पायरीच्या डावीकडून, दोन पळसांच्या मधल्या मऊ मातीतून सायकल काढली. त्याच्या मागून पोरांनी काढली. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तिथलं गवत पार गेलं आणि उताराला दुसरी वाट फुटली. मंडळालाही तिथूनच फाटे फुटले.

"मूळ वाट ती मूळ वाट," वैजनाथ म्हणायचा. "आज वळसा काढला, उद्या वळशाला वळसा निघंल. सारा डोंगर खरवडून माती नाल्यात जाईल. ज्याला पायरी जमत न्हाई त्यानं डांबरी सडकेनं फिरावं."

"वाट काय कुणाच्या बापाची हाय का?" शंकरसिंग म्हणायचा. "जिथून चाक जातं ती वाट."

मग वैजनाथनं वळशावर बाभळीचे काटे आणून टाकले. पंक्चरवाल्याचीच सायकल पंक्चर झाली आणि त्याला गिऱ्हाईक म्हणून स्वतःवरच चिडावं लागलं. त्यानं रागारागात पायरीखाली दगड रचले. शेवटी मंडळ चहा प्यायला दोन वेगळ्या हॉटेलात बसू लागलं.

या सगळ्यात सर कुठे होते? सर मागे होते. सगळे खाली पोचून घाम पुसायला लागले की सर यायचे, त्यामुळे ते कसे आले हे कुणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणूनच गेल्या रविवारी वैजनाथनं त्यांना भर स्टँडवर गाठलं. शंकरसिंग समोरच्या हॉटेलातून कान देऊन होता.

"सर, तुमी जाणते मानूस. तुमी कुठून जाता? पायरीवरून का वळशानं?"

"पायरीवरून," सर म्हणाले. ते अगदी खरं होतं. वळशातल्या काट्यांची त्यांना धास्ती होती.

"पायरीवर उतरता तुमी?"

"उतरतो की. दर रविवारी उतरतो."

हेही शंभर टक्के खरं होतं. पायरी आली की सर सायकलवरून उतरायचे, सायकल खांद्यावर घ्यायचे, आधी एक पाय खाली सोडायचे, मग बूड टेकायचे आणि देवळाची पायरी उतरणाऱ्या म्हातारीसारखे हळूच खाली यायचे. हे सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण तोवर वैजनाथ बाकावर चढला होता.

"ऐका रे! पंचेचाळीस वर्षांचा मानूस पायरी उतरून राहिला, आन् तुमी जवान पोरं वळसे घालून राहिले."

स्टँडवरची चार माणसं सरांकडे वळून बघायला लागली. त्यांच्या नजरेत असं काही होतं, जे सरांनी वीस वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. सरांना बरं वाटलं. त्यांनी तोंड मिटलं आणि फक्त चष्मा पुसला. तेवढी एक चूक झाली.

"दावा म्हनावं सरांना," समोरून शंकरसिंग ओरडला. "रविवारी समद्या गावासमोर उतरून दावा. उतरले तर मी सोता वळशावर काटे लावतो. न्हाई उतरले तर वळसा कायमचा."

अशा रीतीनं मूळ वाटेचा सगळा भार सरांच्या गुडघ्यांवर येऊन पडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उतरावं तर हाडं मोडतात, खरं सांगावं तर ज्यांना आपण सत्यावर निबंध लिहायला लावतो ती पोरं वर्गात हसतील. सरांना दोन्ही गोष्टी सारख्याच दुखत होत्या.

बुधवारी शाळा सुटल्यावर ते शाळेतला मोजायचा टेप घेऊन एकटेच घोडेउतारावर गेले. संकट नेमकं किती मोठं आहे ते तरी कळावं, एवढाच हेतू होता. पायरीचं माप त्यांनी पुन्हा पुन्हा घेतलं. दर वेळी ते तेवढंच भरलं. तेवढ्यात शेळ्या घेऊन चतुराबाई वर आली.

"काय मोजून राहिले, सर?"

"काही न्हाई," सर दचकून म्हणाले. "इथं आधी कुनी उतरलेलं हाय का, ते बघून राहिलो."

"उतरायचे की. निजामाच्या टायमाला घोडेस्वार इथंच उतरायचे मुक्कामाला. म्हनून तर घोडेउतार म्हनत्यात." चतुराबाईनं टेपकडे बघितलं, मग सरांकडे. "लई खोल हाय का?"

"मांडीइतकं हाय," सर पायरीकडे बघत हताशपणे म्हणाले. "पन माझ्यासारख्याला तेवढंच लई झालं. चतुराबाई, मी इथं आल्तो हे कुनाला सांगू नका."

चतुराबाईनं मान डोलावली. सर टेप गुंडाळून निघाले, तेव्हा ती शेळ्या सोडून सरांच्या आधी गावाकडे निघालेली त्यांना दिसली. तिला घरी काही काम असेल, असं सरांना वाटलं.

शुक्रवारी पोलीस पाटील सटवाजी यांनी सरांना पिंपळाखाली अडवलं. इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला.

"सर, मग कधीचं ठरलं?"

"रविवारी सकाळी," सर म्हणाले.

"एकटेच?"

"कशाचं एकटं. समदं गाव येनार म्हन्तंय."

"समदं गाव?" पाटील चांगलेच अस्वस्थ झाले. "मग तुमच्या वाट्याला काय ऱ्हाईल?"

"पाटील, हातपाय जाग्यावर राहिले तरी मी लई मिळालं म्हनंल."

"म्हंजे... तिथं राखन हाय?"

पायरीखाली झेल घ्यायला कुणी उभं असेल का, असं पाटील विचारतायत असं सरांना वाटलं. "असली तर बरंच हाय," ते म्हणाले. कपाळावरचा घाम पुसत पाटील निघून गेले. आपली काळजी करणारं गावात निदान एक तरी माणूस आहे, या विचारानं सरांना भरून आलं.

रविवार उजाडला. ज्योतीनं हळदीचं दूध आधीच तापवून ठेवलं. सर माळ चढले ते सायकल ढकलतच. वर येऊन बघतात तर पायरीजवळ ही गर्दी. पण लोक त्यांची वाट बघत नव्हते. लोक एका खड्ड्यात बघत होते.

रातोरात कुणीतरी तिथं खणलं होतं. खडक कोण खणतो? म्हणून पायरीच्या डावीकडे, दोन पळसांच्या मधल्या मऊ मातीत खणलं होतं. बैलजोडी मावेल एवढा खड्डा. आणि त्यातून निघालेली सगळी माती उजवीकडे, मूळ वाटेवर फेकली होती. पायरी त्या ढिगाऱ्याखाली गडप झाली होती.

"माजा वळसा गेला खड्ड्यात," शंकरसिंग म्हणाला.

"आन् माजी पायरी कुठं राहिली?" वैजनाथ म्हणाला. दोन महिन्यांनंतर दोघं प्रथमच एका बाजूला उभे होते.

सरांच्या मनावरचा मणाचा धोंडा खाली आला. पायरीच नाही, तर उतरायचं कशावरून? त्यांना हसू फुटणार एवढ्यात सटवाजी पाटील पुढे आले. पाटलांच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली होती. शेतात काम लई पडलं, असं ते कुणी न विचारताच सांगत होते.

"हे कुनी खांदलं?" पाटलांनी विचारलं.

"खांदलं कुनी म्हाईत न्हाई," चतुराबाई म्हणाली, "पन जागा सरांनी काढली. मी डोळ्यानं बघितलं. टेपानं मोजून राहिलते. मांडीइतकं खोल हाय म्हनले. कुनाला सांगू नको म्हनले."

"आन् निजामाच्या टायमाचा हंडा?" मागून कुणीतरी विचारलं.

"हंडा न्हाई निघाला," पाटलांच्या तोंडून गेलं. मग ते घाईनं म्हणाले, "म्हंजे खड्ड्यात दिसत तरी न्हाई. आधीच कुनी नेला आसंल."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरकारी पगार खाणारा मास्तर गुप्तधन काढतो, एवढी बोंब कळमनुरीपर्यंत गेली की नोकरीचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. आता लाज धरून चालणार नव्हतं. सरांनी खाकरून घसा साफ केला आणि आठवडाभर गिळलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं.

"मंडळी, मी हंडा मोजून न्हाई राहिलतो, पायरी मोजून राहिलतो. भेव वाटतं मला तिचं. मला इथून सायकल उतरवता येत न्हाई. मी उतरतो म्हनलो ते सायकलवरून उतरतो. खाली उतरतो. पायी. सायकल खांद्यावर घेऊन."

बोलून झाल्यावर सरांना फार हलकं वाटलं. आता पोरं हसली तरी चालणार होतं. पण कुणीच हसलं नाही.

"सर, हे काही बराबर न्हाई," पाटील म्हणाले.

"अहो, खरं सांगून राहिलो."

"खोटं हाय," वैजनाथ पुढे झाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पाटील, सर बसल्या सायकलीवर पायरी उतरतात. मी छातीठोक सांगतो. मोठेपना नको म्हनून हे असं बोलून राहिले."

"अरे, तू कधी बघितलंस का मला?"

"बघायची गरज काय? तुमी सांगितलं ना. तुमी कधी खोटं बोलले का?"

सरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. पाटलांनी मात्र तोड काढली. "सर, तुमाला उतरता येत न्हाई म्हनता. मग उतरा आन् पडून दावा. पडले तर तुमी खरे."

सर सायकलवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून पडायचं होतं. नोकरी, अब्रू, सगळं त्या एका पडण्यावर होतं. त्यांनी डोळे मिटले, ब्रेकवरची बोटं काढली आणि स्वतःला सोडून दिलं.

पण ढिगाऱ्यानं पायरी कधीच बुजवली होती. रात्रीच्या त्या भुसभुशीत मातीचा असा काही छान उतार झाला होता की सायकल मळणीच्या खळ्यावरून जावी तशी अलगद खाली गेली. सरांनी आधी डावीकडे तोल सोडून पाहिला, मग उजवीकडे. मऊ मातीनं चाक दोन्ही वेळा सरळ धरलं. नाल्याशी येऊन सायकल आपोआप थांबली आणि सवयीनं सरांचा पाय खाली टेकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलं?" वैजनाथ सगळ्यांना म्हणाला. "अन् म्हनं येत न्हाई."

"म्हंजे उतरता येतंय," पाटील शांतपणे म्हणाले. "मग टेप कशाला आनला होता, ते समजलं आमाला." पाटलांनी स्वतःच्या हाताच्या फडक्याकडे एकदा दुःखानं बघितलं आणि विषय वर न नेता तिथंच मिटवला. चौकशी फार खोल गेली तर कुठवर जाईल, याचा त्यांना अंदाज होता.

भांडण मिटलं. मूळ वाट राहिली नव्हती आणि वळसाही राहिला नव्हता. ढिगाऱ्यावरून जी नवी वाट पडली तिला सगळ्यांनी 'सरांची वाट' म्हणायला सुरुवात केली. वैजनाथ आणि शंकरसिंग एकाच हॉटेलात, एकाच बाकावर बसले. चहा झाल्यावर दोघांनी मोठ्या आदरानं सरांकडे बघितलं आणि हॉटेलवाल्यानंही सरांकडेच बघितलं.

"काही मिळालं न्हाई रे मला," सर म्हणाले.

"न्हाईच मिळालं," शंकरसिंगानं समजूतदारपणे मान हलवली. "आमी कुठं काय म्हनलो?"

सर घरी आले तेव्हा ज्योती दारातच उभी होती. बातमी सायकलच्या आधी पोचली होती.

"उतरले म्हणे."

"उतरलो."

"कुठं लागलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मग तोंड काहून उतरलंय?"

सरांनी सायकल भिंतीला टेकवली आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं तिला सांगितलं. एक शब्द लपवला नाही, एक शब्द वाढवला नाही. ज्योतीनं हळदीचं दूध त्यांच्या हातात दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, दार लोटून कडी घातली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"लोकायला हेच सांगा," ती हळूच म्हणाली. "पन मला तरी खरं सांगा. ठेवला कुठं?"