सगुणाकाकूंची गोफण

आमच्या शेजारच्या सगुणाकाकूंच्या परसात कावळ्याला बसायची मनाई होती. बाकी सगळ्या पाखरांना घर मोकळं. साळुंक्या थेट चुलीपर्यंत चालत यायच्या, चिमण्या सुपातले दाणे टिपायच्या, आणि काकू त्यांना नुसतं "हळू, माय, हळू" म्हणायच्या. पण निंबावर कावळा टेकला रे टेकला, की शेण असो नाहीतर पीठ, हातातलं टाकून काकू खुंटीवरची गोफण काढत. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलतात, तीच गोफण. राळेगावकडच्या माहेरी लहानपणी त्या राखणीला बसत. नेम पक्का होता. दगड कावळ्याच्या शेपटीला वारा घालून जायचा आणि आमच्या छपराच्या कवेलूंवर पडायचा.

पावसाळ्यात घरात जिथे जिथे गळायचं, तिथे बाबा बादली सरकवत आणि म्हणत, "हा चैत्रातला कावळा. कोपऱ्यातला तो वैशाखातला." आईने एकदा भिंतीवरून विषय काढून पाहिला. काकू म्हणाल्या, "कवेलू काय वो, नवे भेटते. कावळा एकदा बसाले शिकला का उठत नाही."

बाबा जनावरांचे डॉक्टर. त्यांची नेरला बदली झाली तेव्हा मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. खरोखर बसलेच होते. माझं मराठी पुस्तकी, त्यात बोलायची भीती. मी तोंड उघडलं की गल्लीतल्या मुली एकमेकींना कोपर मारत. म्हणून मी उघडेनाशी झाले. काकूंनी माझं नाव ठेवलं 'मुकी मडम'. त्यात टोमणा होता, पण रोज सकाळी मी दुधाचं पातेलं घेऊन गेले की त्या माझ्यासाठी पाय मोडलेल्या तिवईसारखं एक लाकूड पुढे सरकवत. दोन म्हशींवर त्यांचं चालायचं. घरात दुसरं माणूस नव्हतं.

धार काढता काढता त्या मला पाखरांची ओळख करून देत. सातभाईंचा थवा कलकलत उतरला की, "आली माह्या सासरची मानसं. काम कवडीचं नाही, अन् कालवा गावभर." होला म्हणजे मास्तर. "दिवसभर एकच धडा. पोरं शिकन कशी?" बुलबुल ही नवी नवरी, कोण आपल्याकडे पाहतंय ते सारखी मान वळवून बघणारी.

काकूंची दुसरी खोड भाकरीची. एकटीचा स्वयंपाक, तरी रोज एक भाकर उरायची. "माहा अंदाजच चुकते वो," त्या म्हणायच्या, रोज नव्याने नवल वाटल्यासारखं. उरलेली भाकर त्या लगेच पाखरांना घालत नसत. दुपारभर ती टोपल्याखाली झाकलेली असे. उन्हं निंबाच्या बुडापर्यंत उतरली की मग कुस्करून परसात पसरत. मे महिन्यात पाखरं चोची वासून कुंपणावर बसलेली असत. त्यांना परातीत पाणी मिळे. भाकर मात्र त्याच वेळेला.

"बारा वर्षं एकटी राहते बाई," आई एकदा म्हणाली, "अजून एकीचं पीठ घेता येईना?" आणि मग तिनेच मला गल्लीला ठाऊक असलेली गोष्ट सांगितली.

काकूंचे यजमान किसनराव. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी ते जेवायला पाटावर बसले आणि उठले. जेवल्यावर त्यांना पान लागे, आणि डबीतला चुना वाळून गेला होता. "वाढून ठेव, चुना घेऊन येतो," असं म्हणून चौकाकडे गेले, ते गेलेच. कोणी म्हणे मोटारस्टँडवर दिसले, कोणी म्हणे साधूंच्या मागे लागले. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुधाला गेले तेव्हा मी वाकून आत पाहिलं. चुलीपुढे दोन पाट मांडलेले होते. एकाचा रंग बसून बसून गेला होता. दुसरा अजून लालभडक होता.

त्याच उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या बाभळीवर कावळ्यांनी घरटं केलं. तिथवर काकूंचा दगड पोचत नसे. पाऊस सुरू झाल्यावर त्यातलं एक पिल्लू खाली आलं. त्याला नीट उडता येईना. मी काकूंच्या नकळत दोन घरांमधल्या भिंतीवर पोळीचा तुकडा ठेवू लागले. पिल्लू मोठं झालं, चांगलं उडायला लागलं, तरी दुपारी भिंतीवर यायचं आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघायचं. त्याच्याशी मी इंग्रजीत बोलत असे. ते हसत नसे.

भाद्रपदात, पितरपाखात, काकूंचे भासरे नामदेवराव गावाहून आले. किसनरावांचे थोरले भाऊ. सोबत भटजी होते. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की तो गेला असं धरायचं आणि त्याचा घास पितरांबरोबर ठेवायचा, अशी त्यांच्याकडे रीत. घासाला कावळा शिवला की झालं. मग काकूंचं कुंकू आणि बांगड्या उतरणार होत्या.

भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, हीही रीतच. काकू दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी निरोप्या म्हणून कोणाला बोलवावं, तर मला.

"मुके मडम, सांग त्यायले, मले घाई नाही म्हना."

नामदेवराव दारापासून चार हातांवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, तरी ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "त्यांना घाई नाही."

"मले बी हौस नाही आली, पोरी. माह्या लेकीच्या दोन सोयरिकी मोडल्या. लोक म्हनते, घरचं पित्तर उपाशी हाये. अन् किसन्या माहा भाऊ होता."

'होता' म्हणताच दाराआड बांगड्या वाजल्या. "सांग त्यायले, ठेवा घास. पन कावळा शिवला तरच मी मानीन. नाही शिवला, त पुन्हा नाव काढाचं नाही."

"मंजूर," नामदेवराव म्हणाले. माझ्यासाठी थांबलेही नाहीत.

तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. काकू बारा वर्षं याच दिवसाची तयारी करत होत्या. परसात कावळा टिकूच द्यायचा नाही, म्हणजे वेळ आली की तो यायचा नाही. आणि भिंतीवर माझ्या पोळीचे कण पडलेले होते.

पत्रावळीवर भात, वडे, गवारीची भाजी, खीर वाढून ती त्याच भिंतीवर ठेवली. कावळा शिवेपर्यंत कोणी जेवायचं नाही. ऊन चढलं. निंब रिकामा. सासरची मंडळी थव्याने उतरून कालवा करून गेली. मास्तरांचा धडा चालू होता. भटजी तिसऱ्यांदा पाणी प्याले आणि म्हणाले, "असे कसे हो तुमच्या गावचे कावळे?" नामदेवराव हात जोडून उभे होते. "ये, किसन्या," ते हळूच म्हणाले, "जेव, बाबू. थकलो आता." त्यांच्याकडे बघवेना.

भटजींनी शेवटी दर्भ काढला. गवताचा कावळा करून घासाला शिववू, शास्त्रात आहे म्हणाले.

"सांग त्यायले," दाराआडून आलं, "गवताच्या कावळ्याले मी नाही मानत."

मी सांगितलं. आणि तेवढ्यात तो आला. बाभळीवरून सरळ भिंतीवर. आधी त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, रोजच्यासारखं. मग त्याला वडा दिसला. काकूंचा हात खुंटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. भासऱ्यांपुढे गोफण कशी काढणार? कावळ्याने एक उडी मारली. दुसरी मारली.

"हाड!"

एवढा मोठा आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. पायातली चप्पल हातात कधी आली आणि कधी सुटली तेही कळलं नाही. पत्रावळ उलटून पलीकडे आमच्या अंगणात पडली. कावळा बाभळीवरही न थांबता दूर गेला.

भटजी काहीतरी पुटपुटत सामान आवरू लागले. नामदेवराव भिंतीला टेकून खाली बसले. "काहून वं पोरी?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. संध्याकाळच्या गाडीला जाताना ते दाराकडे न बघता मला म्हणाले, "सांग तिले, आता मी येत नाही म्हना. लेकीचं पाहीन कसंतरी."

ते गेल्यावर काकूंनी माझी चप्पल आणून पायापुढे ठेवली.

"मीच त्याला खायला घालत होते, काकू," मी म्हणाले.

"मले मालूम होतं. भिंत काय फकत तुह्याच बाजूनं हाये?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुले बोलाले दुसरं कोन होतं?" त्या चुलीकडे वळल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "थो येनार नाही, हे मले समजते वं मडम. पन पाट मी मांडला. उचलाचा त मीच उचलीन. कावळ्यानं कायले?"

त्या दिवशीही भाकर उरली होती.

दुसऱ्या दुपारी भिंतीवर, पोळी ठेवायच्या माझ्या जागेवर, भाकरीचा एक तुकडा दिसला. "माहा अंदाज चुकला," काकू पलीकडून म्हणाल्या. माझा कावळा पुन्हा आला नाही. पण तुरी फुलल्या, थंडी पडली, तरी तो तुकडा रोज दुपारी भिंतीवर असायचा. उन्हं निंबाच्या बुडापर्यंत उतरली की काकू तो उचलायच्या आणि कुस्करून साळुंक्यांना घालायच्या.