ओट्यावरचा पुरावा

शस्त्रक्रियेसारख्या गंभीर बाबतीत पुरावा तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हे शहाण्या माणसाचं लक्षण आहे. आणि शहाणी माणसं पिंपरी पेंढारला सकाळी अकरा वाजता डेअरीच्या ओट्यावर मुबलक मिळतात.

साळुबाईच्या मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. उजवा पंजा उचलेना; टोमॅटोच्या सरीत चप्पल कधी गळाली, हे तिला बांधावर आल्यावर कळायचं. "मावशी, थांबलात तर पाय असाच राहू शकतो," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशननं दहातल्या आठांना गुण येतो." संशोधनाचे आकडेही त्यांनी कागदावर लिहून दिले. साळुबाईला सुरीची भीती होती, त्याहून जास्त अंथरुणाला खिळण्याची. कागद घेऊन ती ओट्यावर गेली.

मंडळींनी कागद बाजूला ठेवला. (ती दहा माणसं कुणाच्या भावकीतली, याचा त्यात उल्लेख नव्हता.) ओट्यावर पुराव्याची प्रतवारी ठरलेली आहे: स्वतः ऑपरेशन करून घेतलेला सर्वांत वर, मग त्याचा मेव्हणा, मग मेव्हण्याच्या गावचा कुणीही. कागद शेवटी, चहाच्या कपाखाली.

कमरेला पट्टा बांधलेले गेणभाऊ ओट्याचे सर्वांत जुने सभासद. "वैनी, मणक्याला हात लावू देऊ नगा. माजंच बघा, सात वर्सं झाली, हितंच बसून हाय." आणखी तिघांनी हीच साक्ष दिली. चारपैकी चार ऑपरेशनं फसलेली! इतका एकमुखी निष्कर्ष मोठमोठ्या संशोधकांनाही साधत नाही.

साळुबाईचा धीरच खचला. ऑपरेशन रद्द, असं ठरवून ती घरी निघाली. वाटेत रत्ना टोमॅटोचे क्रेट पिकअपमध्ये चढवत होती. दोन वर्षांपूर्वी तिचंही हेच ऑपरेशन झालेलं.

"अगं, तू साक्षीला का नाय आलीस?"

"कवा येऊ? लई गडबड हाय. टोमॅटोचा तोडा चाललाय."

साळुबाई तिथेच उभी राहिली. गुण आलेली आणखी पाच माणसं तिला आठवली. त्यांतलं एकही कधी ओट्यावर बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

तीन महिन्यांत पंजा उचलू लागला. आपलीही साक्ष द्यावी, असं तिच्या फार मनात होतं. पण तोवर तिचाही तोडा सुरू झाला.

इकडे ओट्यावर नोंद झाली: 'साळुबाई, ऑपरेशननंतर पुन्हा दिसल्या नाहीत.' गेणभाऊंनी हळहळ व्यक्त केली. आता पाचपैकी पाच.

वाचकहो, हे सगळं शेवटपर्यंत वाचण्याइतकी सवड तुम्हाला मिळालीच आहे, तर तुमचंही मत मंडळींना हवं आहे. थोडं सरकून त्यांनी जागा केली आहे.