झूमवाला टॉर्च आणि बदकांची अब्रू

हल्ली लोक मला रस्त्यात गाठून विचारतात, "मोमॉय, तो झूमवाला टॉर्च घ्यावा का रे?" विचारताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही चाललेलं असतं, त्यावरून कळतं की त्यांना टॉर्चमध्ये काडीचाही रस नाही. तरी मी उत्तर देतो. (नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर बावीस वर्षं बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलं की गप्प बसवत नाही.) पण हे उत्तर एका वाक्यात मावत नाही. त्यात टॉर्च आहे, शंभर अंडी आहेत, माझी बायको पुरिंग आहे आणि मांग तास्योची बदकं आहेत. (मांग म्हणजे आमच्याकडे 'काका'; वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी लावतात.) शिवाय मी आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

शनिवारच्या बाजारात एक विक्रेता टॉर्च विकत होता. पुढची नळी बाहेर ओढली की उजेड एका जागी एकवटतो, आत ढकलली की पसरतो. किंमत एकशे ऐंशी पेसो. भर सकाळी अकरा वाजता त्याने तो चर्चच्या घंटेवर मारला आणि मला विचारलं, "दिसतोय का उजेड, साहेब?"

"दिसतोय," मी म्हणालो. (काहीही दिसत नव्हतं. पण मागे चार माणसं उभी होती आणि त्याने मला साहेब म्हटलं होतं.)

कुठलीही वस्तू डोळे झाकून घेऊ नये, नीट पारखावी, असं माझं ठाम मत आहे. मी टॉर्च घेतला, घरी आलो आणि पारखायला लागलो. हा क्रम उलटा झाला, हे पुरिंगने नंतर माझ्या लक्षात आणून दिलं.

आता दुपारी दोन वाजता आमच्या गावात अंधार मिळायचा कुठे? मी कपड्यांच्या कपाटात जाऊन बसलो आणि दार ओढून घेतलं. नळी ओढली. समोरच्या फळीवर पिवळट उजेडाचा एक चौकोन पडला, चक्क चौकोन, आणि त्यात बारीक रेघासुद्धा! उजेड गोल असतो, एवढी तरी माझी आजवरची समजूत होती. मी हे मनात नोंदवतोय तोच दार उघडलं आणि पुरिंगने अशी किंकाळी मारली की शेजारचं कुत्रं आमच्या अंगणात येऊन उभं राहिलं.

"काय करतोयस इथे?"

"पारखतोय."

"माझे झगे?"

"उजेड."

तिने माझ्या डोक्यावरून हात घालून आपला निळा झगा काढून घेतला आणि दार परत लावलं. मला आत ठेवूनच.

तो निळा झगा दुसऱ्या दिवशीच्या बाप्तिस्म्यासाठी होता. पुरिंग त्या बाळाची धर्ममाता होणार होती. असल्या कामाला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर बाळाचं नशीब बिघडतं आणि बाळाच्या आईचं तोंड त्याहून जास्त. नेमकी त्याच रविवारी चार वाजता मॅडम लिओनिला येणार होती.

मॅडम लिओनिलाची शहरात तीन खानावळी आहेत आणि तिला दर आठवड्याला पाचशे बालुत हवे होते. पुरिंगचा धंदाच तो. बदकाची अंडी घ्यायची, सालासकट भाजलेल्या भाताच्या उबेत टोपल्यांमध्ये ठेवायची, आत पिल्लाने आकार धरला की उकडून खायला विकायची. पिल्लू धरलेलं ते बालुत, न धरलेलं ते पेनॉय. पेनॉयला भाव कमी. पुरिंगने मॅडमच्या या ऑर्डरची दोन वर्षं वाट पाहिली होती. ऑर्डर मिळाली की उबवणीची दुसरी खोली बांधायची, असं तिने ठरवलं होतं. खोलीचा नकाशा तिने कॅलेंडरच्या मागे काढून ठेवला होता. खिडकी कुठे, दार कुठे, सगळं. रोज रात्री झोपण्यापूर्वी ती तो उलटा करून बघायची. मी तो नकाशा कधी नीट पाहिला नव्हता, हे आता लिहिताना मला वाईट वाटतं.

मॅडमला दाखवायची सातव्या दिवसाची शंभर अंडी सकाळीच उजेडात पारखायची होती. त्यासाठी पुरिंगकडे दुधाच्या डब्यात बसवलेला एक बल्ब आहे. डब्याला नाण्याएवढं भोक. भोकावर अंडं धरलं की आतलं सगळं दिसतं. नेमका तो बल्ब शनिवारी संध्याकाळी गेला, आणि रविवारी सकाळी दुकानं बंद.

"मी पारखतो," मी म्हणालो. "माझ्याकडे टॉर्च आहे."

पुरिंगने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. घड्याळ जिंकलं.

"हे बघ. लाल शिरा दिसल्या की अंडं उजव्या टोपलीत. काहीच दिसलं नाही तर डाव्या. बाकी काही करू नकोस. विचार तर मुळीच करू नकोस."

ती गेली. मी कामाला बसलो. आधी टॉर्च चालू आहे ना, हे बघायला मी तो स्वतःच्या डोळ्यांवर मारला. (असं का केलं, ते मला विचारू नका. तुम्हीही केलं असतं.) पुढची दहा मिनिटं जगाच्या मधोमध एक हिरवा ठिपका तरंगत होता. मग मी खिडकी सताड उघडली, वारा हवा म्हणून. नळी पूर्ण बाहेर ओढली, कारण एकशे ऐंशी पेसो जर झूमचे दिले आहेत तर झूम वापरायलाच हवा. आणि पहिलं अंडं धरलं.

अंडं असं पेटलं की विचारू नका! आत ना शीर, ना ठिपका, नुसता लख्ख उजेड. डावी टोपली. दुसरं, डावी. तिसरं, डावी. तासाभरात डाव्या टोपलीत सत्त्याण्णव अंडी झाली आणि उजवीत तीन, त्यातली दोन मी दयेपोटी टाकली होती.

इथे थांबायचं होतं. पण पुरिंगने जे मुळीच करू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते मी केलं. मी विचार केला. शंभरातली सत्त्याण्णव अंडी रिकामी म्हणजे दोष कुणाचा? माद्यांनी अंडी दिलेली आहेत, त्यांचं काम चोख. पुरिंगने उबवली, तिचंही चोख. उरले कोण? नर! चार वाजता मॅडम येणार, पुरिंगची दोन वर्षांची आशा मातीत जाणार आणि तिकडे तळ्याकाठी मांग तास्योचे नर आरामात पोहत असणार! माझं रक्त खवळलं. मी तसाच टॉर्च हातात घेऊन निघालो.

मांग तास्यो गेली पंधरा वर्षं आम्हाला अंडी देतो. कुंपणात उभा राहून तो बदकांना गोगलगाई टाकत होता.

"मांग तास्यो, तुमचे नर काम करत नाहीत."

"कसलं काम?"

"तेच. नरांचं."

त्याच्या हातातली बादली तशीच राहिली. "तुला काय माहीत?"

"मी टॉर्चने पाहिलं."

"माझ्या नरांना तू टॉर्च मारून बघत होतास? कधी? लाज वाटत नाही?"

"नरांना नाही हो, अंड्यांना! सत्त्याण्णव रिकामी आहेत."

मांग तास्योने बादली खाली ठेवली. शेजारच्या दोन कुंपणांवर चार डोकी उगवली. "मोमॉय, या गावाने मला दारुडा म्हटलं, भांडखोर म्हटलं. मी ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. पण माझ्या नरांना आजवर कुणी नामर्द म्हटलं नव्हतं!"

"मी तो शब्द वापरलेला नाही."

"मग कुठला वापरणार होतास?"

"अकार्यक्षम," मी म्हणालो. (ऑफिसात हा शब्द सौम्य समजला जातो.)

"हे त्याहून वाईट आहे! जा, सांग तुझ्या बायकोला. बुधवारपासून माझं एक अंडं तुमच्या दारात येणार नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठावरच्या बालुतवाल्यांना देईन सगळी!"

पुरिंग दोन वाजता घरी आली. हातात बाप्तिस्म्याच्या केकचा पुठ्ठ्याचा डबा होता. चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला सगळं कळलं आहे. आमच्या गावात बातमी भातावर आमटी पडायच्या आत पंगतीत पोहोचते. तिने केक ताटात काढला, डब्याचा एक तुकडा फाडला, त्याला नाण्याएवढं भोक पाडलं. खिडकी लावली, दार लावलं. टॉर्चची नळी आत ढकलून उजेड पसरवला, वर पुठ्ठा धरला आणि डाव्या टोपलीतलं पहिलं अंडं त्यावर ठेवलं.

तांबूस अंधारात लालभडक शिरांचं जाळं दिसलं, मधे एक इवलासा ठिपका, आणि तो हलत होता.

"अंड्याला विचारायचं असतं, मोमॉय," ती म्हणाली. "धमकवायचं नसतं."

शंभरातली त्र्याण्णव चांगली निघाली. मग ती रिकाम्या टोपलीवर बसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "पाचशे अंडी मी आता कुठून आणू?" आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मला इतकी लाज वाटली की मी परत कपाटात जाऊन बसायला तयार होतो.

"मी माफी मागतो त्याची," मी म्हणालो. "आत्ता."

आम्ही केक घेऊन मांग तास्योच्या कुंपणाशी गेलो. आता तिथे चार नव्हे, चांगली तीसेक डोकी होती. आणि आमच्या मागोमाग, तासभर आधीच येऊन, घर बंद बघून, शेजाऱ्यांनी मोठ्या उत्साहाने वाट दाखवलेली मॅडम लिओनिलाही तिथे पोहोचली. पुरिंगचा चेहरा पांढराफटक पडला.

मांग तास्योने केक घेतला, पण मान वळवली. "माझी माफी नको मागूस. ज्यांची अब्रू घेतलीस, त्यांची माग."

मी कुंपणाच्या आत उतरलो. शंभरेक बदकांत त्यांचा म्होरक्या कोण, ते मी स्वतः हेरलं. सगळ्यांत थोराड, छाती काढून उभा, नजरेत जरब. मी टोपी काढली, त्याच्यासमोर चिखलात गुडघा टेकला आणि निवृत्तीच्या समारंभात बोलतो त्या आवाजात बोललो. "महोदय, अपुऱ्या चौकशीच्या आधारे मी आपल्या कर्तृत्वावर शंका घेतली. चूक सर्वस्वी माझी आहे. इथले सगळे नर अत्यंत कर्तबगार आहेत, हे मी सर्वांसमक्ष जाहीर करतो!"

त्यावर त्याने मान उंच करून असा काही आवाज लावला की तळ्यावरचे बगळे उडाले. मला भरून आलं. क्षमा मिळाली होती. मांग तास्यो पाठ फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते, म्हणजे त्यालाही भरून आलं असणार.

"बुधवारी अंडी येतील," तो कसाबसा म्हणाला. "पण हा इथे पुन्हा यायला हवा. वर्षातून एकदा तरी."

मॅडम लिओनिलाने रुमालाने डोळे पुसले. "वीस वर्षं अंडी घेतेय मी," ती पुरिंगला म्हणाली. "मालात खोट निघाली तर लोक माझीसुद्धा माफी मागत नाहीत. तुम्ही बदकांची मागता. आठवड्याला सहाशे पाठवा."

पुरिंगने माझा हात धरला, भर लोकांत. लग्नानंतर असं दुसऱ्यांदाच झालं. तेव्हा टॉर्च घ्यावा का, याचं उत्तर असं: घ्यावा. उजेड पसरवून, पुठ्ठा लावून, खोली बंद करून वापरला तर वस्तू चोख आहे. आता तो पुरिंगजवळ असतो आणि मी त्याला हात लावायचा नाही असं ठरलं आहे.

घरी येताना मी म्हणालो, "पाहिलंस ना? लगेच उत्तर दिलं त्याने."

"कुणी?"

"म्होरक्याने."

पुरिंग थांबली. "मोमॉय, नराच्या शेपटीला वर वळलेलं पीस असतं. आणि नराचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येतो. गळा काढून ओरडते ती मादी."

तीस डोकी, मॅडम, मांग तास्योचे खांदे, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"मग ती एवढं काय ओरडत होती?"

"इथले सगळे नर कर्तबगार आहेत म्हणालास ना," पुरिंग म्हणाली. "संसार केलेल्या बाईला असलं ऐकून गप्प बसवत नाही."