वादी खालच्या मजल्यावरची

तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर काकूंनी निळी फाइल उघडली. आत पोपट नव्हता.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वकिली शिकायला निघालेल्या काकू या परीक्षेत दोनदा आपटल्या होत्या. प्रश्न आला की आवाज घशातच बसकण मारायचा. आता शेवटची संधी. प्रत्येकानं आपण रचलेला काल्पनिक खटला मांडायचा, समोरच्या विद्यार्थ्यानं आयत्या वेळी बचाव करायचा. नावं घ्यायची नाहीत; फक्त वादी आणि प्रतिवादी. काकूंनी महिनाभर खपून, शेजाऱ्याकडे उडून गेलेल्या पोपटाच्या मालकीचा खटला रचला होता.

त्यांनी घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, माझी फाइल तुम्ही नेलीत!"

"तरीच! इमारतीच्या सभेत गळतीची तक्रार म्हणून वाचतोय, तर पहिल्याच पानावर पोपट!"

"मग थांबलात ना?"

"कसा थांबू? लोक पहिल्यांदाच माझं ऐकतायत!"

म्हणजे हातात उरली गळती. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून तीन वर्षं ठिबकणारं पाणी आणि त्या घराच्या परगावी राहणाऱ्या, कधी तोंडही न दाखवलेल्या मालकाला धाडलेली सतरा पत्रं.

परीक्षक बाहेरगावचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचं नाव गुप्त ठेवायची पद्धत होती.

"नैसर्गिक न्यायाचं पहिलं तत्त्व?"

"स्वतःच्याच खटल्यात... कुणी न्यायाधीश होऊ नये," काकू पुटपुटल्या.

"बरोबर. मांडा खटला."

काकूंनी पहिलं पत्र वाचलं. दुसरं वाचताना आवाज चढला. सातव्याला त्यांनी टेबलावर हात आपटला. तीन वर्षांची बादली एकदम उपडी झाली होती! समोरचा टायवाला विद्यार्थी "पण..." एवढंच म्हणू शकला, तेही दोनदा.

"निर्लज्ज माणूस!" परीक्षक कडाडले. "प्रतिवादीनं पंधरा दिवसांत स्वखर्चानं दुरुस्ती करावी. बाई, वीसपैकी वीस!" त्यांनी शाईच्या पेनानं गुण भरले आणि फाइलवर सही करायला शेवटचं पान उलटलं.

तिथे सतरावं पत्र होतं. वर घरमालकाचं नाव आणि पत्ता.

परीक्षकांनी चष्मा पुसला. परत वाचलं.

"बाई, हा खटला काल्पनिक आहे ना?"

"नियम तसाच आहे, साहेब. पाणी तेवढं खरं आहे."

"म्हणजे मी... माझ्याच... अहो, मग हा निकाल रद्दच करायला हवा!"

काकूंच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. पण आवाज बसला नाही.

"करायला हवा, साहेब. पण तो तुम्हाला नाही रद्द करता यायचा. खटला तुमचाच आहे ना!"

परीक्षकांनी गुणांच्या रकान्याकडे पाहिलं. तिथे खाडाखोड चालत नव्हती. मग सही करत म्हणाले, "सोमवारी प्लंबर पाठवला तर चालेल?"

काकू विजयी मुद्रेनं बाहेर आल्या, तोच फोन वाजला.

"अगं, सभेत ठराव मंजूर झाला! एकमतानं!"

"गळतीचा?"

"छे! पोपट शोधायला समिती नेमलीय. अध्यक्ष मी."