रविवारपर्यंत

"रजा मिळाली, अन्टिल संडे."

मारिविकचा रियाधहून आलेला निरोप एवढाच. तिच्या बापाने, इसागानीने, तो मोठ्याने वाचला आणि अर्थही सांगितला. "पोरगी रविवारपर्यंत येतेय. दफन सोमवारी."

बाहेरच्या खोलीत, काचेच्या झाकणाखाली, त्याची बायको. पेर्पेतुआबाई. चाळीस वर्षं गावाला इंग्रजी शिकवलेली. परदेशातलं लेकरू येईपर्यंत मयत घरात ठेवायचं ही रीतच, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. फादर दुसऱ्या बेटावर निघून गेले. मयताला औषध टोचणारा म्हणाला, "सोमवारपर्यंत जबाबदारी माझी. मंगळवारचं नाव काढू नका."

मारिविक बुधवारी सकाळीच दारात.

"दफन कधी?"

"सोमवारी," इसागानीची बहीण बेलेन म्हणाली.

"शनिवारी माझं परतीचं विमान आहे, तिता," मारिविक आत्याला म्हणाली. "रजा रविवारपर्यंतच."

"म्हणजे तू रविवारच्या आत येणार, असंच ना?"

"ते 'बाय संडे'. 'अन्टिल' म्हणजे रविवारी रजा संपली. ह्याच्यासाठी आईने माझ्या बोटांवर पट्टी मारलीय."

सगळ्यांनी शवपेटीकडे पाहिलं. मग इसागानीकडे. तो साखर न घातलेली कॉफी ढवळत होता.

"म्हातारा झालो," तो म्हणाला.

कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या चौघा शेजाऱ्यांनी आणखी बिस्किटं घेतली. मयताच्या घरातून पाहुण्याला वाटेला लावायचं नाही, हीही रीतच.

फोन पहिला, फादरना. बोट सोमवारीच.

फोन दुसरा, कबर बांधणाऱ्याला. "उद्या बांधतो. पण वाळायला चार दिवस. बाईंना ओल्या सिमेंटात ठेवू?"

औषधवाल्याला कोणी फोन केला नाही.

शेवटी मारिविकने रियाधला, ती काम करते त्या हॉस्पिटलला अर्ज लिहायला घेतला. रजा मंगळवारपर्यंत वाढवावी. डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसेनात. इसागानीने कागद ओढला, खिशातलं लाल पेन काढलं आणि एक शब्द खोडला.

"इथे 'अन्टिल' हवं. 'बाय' लिहिलंस तर..."

त्याने पेन मागे घेतलं.

"वहिनीच्या शाळेतल्या वह्या हाच तर तपासायचा," बेलेन सहज म्हणाली. "तिला कुठे वेळ होता."

मारिविक बापाकडे बघत राहिली. "तातय, तुम्हाला माहीत होतं."

इसागानी पेनाला टोपण बसवू लागला. ते बसेना.

"खरं सांगितलं असतं तर शुक्रवारी तिला नेलं असतं, शनिवारी तू गेली असतीस," तो म्हणाला. "सोमवार ठेवला तर तू गेल्यावर दोन दिवस ती तरी घरात असती."